पंप नव्हते तेव्हा कारंजी उडायची कशी?

रोमच्या ट्रेव्ही कारंज्याला आता तिकीट लागलं. १ फेब्रुवारी २०२६पासून कुंडाच्या काठापर्यंत उतरायचं असेल तर पर्यटकाने २ युरो मोजायचे. वरच्या चौकात उभं राहून बघणं पूर्वीसारखंच फुकट. बातमी ऐकणाऱ्याच्या तोंडून पहिला उद्गार ‘पाणी बघायला पैसे?’ असाच निघतो.

युरोपची सहल करून आलेल्या बहुतेकांच्या फोनमध्ये या कारंज्याकडे पाठ करून, उजव्या हाताने डाव्या खांद्यावरून नाणं टाकतानाचा फोटो असतो. त्या फोटोंना मी नावं ठेवत नाही. पण कारंज्याकडे तोंड करून जरा वेळ उभं राहिलं, तर एक प्रश्न पडायला हवा. हे कारंजं १७६२ साली पूर्ण झालं. तेव्हा वीज नव्हती, मोटार नव्हती, वाफेचं इंजिनही खाणीतलं पाणी उपसण्यापलीकडे फारसं गेलेलं नव्हतं. मग चोवीस तास इतकं पाणी वाहायचं कुठून?

उत्तर एका ओळीचं आहे: उंचावरून. युरोपातली बहुतेक जुनी कारंजी केवळ उतारावर चालली. पाणी किती उंचावरून आलं, यावर कारंजं उडणार की नुसतं पाझरणार हे ठरलं. शिल्पकाराचं काम त्यानंतरचं. एकदा हे ध्यानात आलं की रोम, व्हर्साय, पीटरहोफ, जिनिव्हा इथली कारंजी इतकी वेगवेगळी का दिसतात, ते आपोआप उलगडतं.

सगळा खेळ उंचीचा

सात मजली सोसायटी घ्या. टाकी गच्चीवर. तळमजल्यावरच्या नळाला पाणी धाडकन येतं आणि सातव्या मजल्यावरचा शॉवर रडत असतो. दोन्हीकडे पाणी त्याच टाकीतलं. फरक नळापासून टाकी किती वर आहे एवढाच. या उभ्या अंतराला पंपाच्या दुकानात ‘हेड’ म्हणतात. विहिरीवर मोटार बसवलेल्या कोणत्याही शेतकऱ्याला हा शब्द ठाऊक असतो, कारण मोटारीच्या पाटीवरच तो लिहिलेला असतो. हिशेब सोपा आहे: दर १० मीटर उंचीमागे पाण्याचा दाब साधारण एक वातावरण, म्हणजे एक बार, इतका वाढतो.

आता तळमजल्यावरच्या नळाचं तोंड वर वळवा आणि त्याला बारीक नोझल लावा. पाणी वर उडेल. किती वर? गॅलिलिओच्या पठडीतला इटालियन शास्त्रज्ञ तोरिचेल्ली याने सतराव्या शतकात दाखवून दिलं, की टाकीतल्या पाण्याच्या पातळीपासून नोझलपर्यंत पडताना पाण्याला जितका वेग आला असता, तितक्याच वेगाने ते नोझलमधून बाहेर पडतं. म्हणजे हिशेबाने ते पुन्हा टाकीच्या पातळीपर्यंत चढायला हवं. त्याच्या वर एक इंचही जाणार नाही, मग नोझल सोन्याचं का असेना.

प्रत्यक्षात ते तिथपर्यंतही पोचत नाही. नळाच्या भिंतींशी घासून काही जोर जातो, हवा काही खाते, आणि सरळ वर उडालेलं पाणी खाली येताना मागून येणाऱ्या धारेवरच आपटतं. इंग्लंडमधल्या चॅट्सवर्थ या वाड्याच्या बागेत याचा फार चांगला नमुना आहे. रशियाचा झार पहिला निकोलस येणार म्हणून १८४४ मध्ये जोसेफ पॅक्स्टनने तिथे ‘एम्परर फाउंटन’ उभारलं. रात्री मशालींच्या उजेडात काम करून टेकडीवर आठ एकरांचं तळं खोदलं, तिथून लोखंडी नळ खाली आणला. तळं कारंज्यापेक्षा सुमारे १०७ मीटर उंच आहे. धार जास्तीत जास्त ९० मीटरपर्यंत गेल्याची नोंद आहे. मधले १७ मीटर वाटेत खर्च झाले. झार मात्र आलाच नाही.

तेव्हा कुठलंही जुनं कारंजं बघताना आधी आसपासची टेकडी शोधायची. टेकडी नसेल तर कुणीतरी फार मोठा खर्च केलेला आहे, असं समजायचं.

रोममध्ये पाणी उडत नाही, ते पडतं

ट्रेव्हीचं पाणी ज्या कालव्यातून येतं तो कारंज्याहून जवळपास पावणेदोन हजार वर्षांनी जुना. सम्राट ऑगस्टसचा सेनापती अग्रिप्पा याने इसवी सनापूर्वी १९ साली ‘अ‍ॅक्वा व्हर्गो’ नावाचा हा कालवा बांधला. लांबी सुमारे २० किलोमीटर, बहुतेक सगळा जमिनीखालून. या संपूर्ण लांबीत तो उतरतो किती? जेमतेम चार मीटर. म्हणजे किलोमीटरला वीस सेंटिमीटर, एक वीतभर. हातात लेझर नसताना, जमिनीखाली, इतका बेताचा उतार वीस किलोमीटर सांभाळणाऱ्या गवंड्यांना खरं तर पुतळे उभारायला हवे होते. सहाव्या शतकात गॉथ टोळ्यांनी रोमला वेढा घातला तेव्हा शहराचे कालवे तोडले. हा पुढेही टिकून राहिला, त्यात त्याच्या जमिनीखाली असण्याचा वाटा मोठा.

पण एवढ्या कमी उताराचा अर्थ असा, की शहरात पोचताना या पाण्याला हेड जवळपास नसतंच. त्यातून उंच धार काढणं अशक्य. निकोला साल्व्हीला १७३२ मध्ये ट्रेव्हीचं काम मिळालं तेव्हा त्याच्यापुढे हीच अडचण होती, आणि त्याने ती झक्कपैकी वळवून घेतली. पाणी वर जात नाही ना, मग ते खाली पाडायचं. त्याने सुमारे २६ मीटर उंच आणि ४९ मीटर रुंद असा राजवाड्याच्या दर्शनी भिंतीएवढा देखावा रचला, समुद्रदेवाला मधोमध उभं केलं, त्याच्या पायाशी मुद्दाम ओबडधोबड खडक कोरले, आणि पाणी त्या खडकांवरून घसरत, फुटत, आवाज करत कुंडात आणून सोडलं. कुंड रस्त्याच्या पातळीहून खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. खाली गेलं की पडायला तेवढीच जास्त उंची मिळते. तिकीट आता नेमकं या पायऱ्यांचं आहे. (साल्व्ही १७५१ मध्ये वारला, काम दुसऱ्यांनी पुरं केलं.)

तिथून पायी दहा-बारा मिनिटांवर, स्पॅनिश पायऱ्यांखाली, ‘बार्काचा’ नावाचं बोटीच्या आकाराचं कारंजं आहे. याच कालव्याचं पाणी, आणि इथे दाब आणखीच कमी. पिएत्रो बेर्निनीने १६२०च्या दशकात काय केलं, तर अर्धी बुडालेली दगडी होडी जमिनीच्या खाली बसवली. पाणी तिच्या अंगातून गळत राहतं. बघणाऱ्याला वाटतं काय कल्पना आहे! कल्पना आहेच, पण दाब नव्हता म्हणून सुचलेली.

त्याच्याच मुलाने, जान लोरेन्झो बेर्निनीने, १६५१ मध्ये नावोना चौकात चार नद्यांचं कारंजं पुरं केलं: नाईल, डॅन्यूब, रिओ दे ला प्लाता आणि आपली गंगा. मराठी पर्यटक या चौकात आइस्क्रीम खाऊन परततात आणि गंगा बघायची राहते, म्हणून खूण सांगून ठेवतो. हातात लांब वल्हं घेतलेला दाढीवाला पुरुष म्हणजे गंगा. वल्हं अशासाठी, की या नदीतून दूरवर नावा चालतात. गंगेला दाढी पाहून आपल्याला थोडं हसू येतं. तिकडे नद्यांना पुरुषाचं रूप देण्याची जुनी रोमन रीत आहे.

रोममध्ये उंच धारा बघायच्या तर सेंट पीटर्स चौकात जायचं. तिथलं पाणी दुसऱ्याच कालव्याचं. पोप पाचवा पॉल याने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ब्राच्चानो तळ्याच्या बाजूने पाणी आणलं, ते जानिकुलम टेकडीच्या माथ्यावर पोचतं आणि तिथून चौकात उतरतं. शहर तेच, शतक तेच, शिल्पकारांतही एक तोच धाकटा बेर्निनी, पण टेकडी मिळाल्यामुळे पाणी उभं राहतं.

व्हर्साय: पाणी सोडून सगळं होतं

पॅरिसजवळच्या व्हर्सायला चौदाव्या लुईने राजवाडा बांधला, मैलोगणती बाग आखली, शेकडो धारांची कारंजी बसवली. पण जवळ नदी नाही, आणि सीन नदी आहे ती पार खाली. आसपासच्या पठारांवर पडणारा पाऊस चर खणून तळ्यांत साठवला, ओढे वळवले, पवनचक्क्या लावल्या. पुरेना.

मग १६८१ ते १६८४ या काळात सीनच्या काठी मार्लीचं यंत्र उभं राहिलं. सुमारे १२ मीटर व्यासाची १४ लाकडी चाकं नदीच्या प्रवाहाने फिरायची, ती दोनशेहून अधिक पंप हलवायची, आणि पाणी तीन टप्प्यांत दीडशे मीटरहून जास्त वर चढवून कालव्यात सोडलं जायचं. आजचा इंजिनीअरही याला हात जोडेल. पण लाकूड, चामडं आणि लोखंडाचं ते धूड सतत मोडायचं, दुरुस्तीला कायमची माणसं ठेवावी लागायची, आणि आवाज असा, की आसपासच्या बंगल्यांत राहणं नकोसं व्हायचं. वर त्यातलं बरंचसं पाणी राजाच्या मार्ली इथल्या दुसऱ्या बागेकडे जाऊ लागलं.

एवढं करूनही सगळी कारंजी एकाच वेळी चालवण्याइतकं पाणी नव्हतं. म्हणून जी युक्ती काढली ती मला या सगळ्या इतिहासात सर्वांत आवडते. आपल्याकडे नगरपालिकेचे चावीवाले असतात, तसे बागेत कारंज्यांचे चावीवाले नेमले होते. राजा फिरायला निघाला की ते शिट्टी वाजवून पुढच्याला इशारा द्यायचे. राजा वळणावर यायच्या आत समोरचं कारंजं सुरू, राजा पुढे गेला की मागचं बंद. लुईला आयुष्यभर सगळी बाग उडतानाच दिसली.

त्याचं समाधान तरीही झालं नाही. १६८५ मध्ये अ‍ॅर नदी ऐंशीएक किलोमीटरवरून वळवून आणायचं काम निघालं. हजारो सैनिक खोदकामाला जुंपले गेले, तापाच्या साथीत कितीतरी मेले, आणि १६८८ मध्ये युद्ध लागलं तेव्हा काम थांबलं ते थांबलंच. मँतनों गावात या कालव्याच्या अर्धवट कमानी अजून उभ्या आहेत. व्हर्सायच्या सहलीत ते गाव नसतं. असायला हवं, असं माझं मत.

आज व्हर्सायची कारंजी बघाल तर पाणी विजेच्या पंपाने टाक्यांमध्ये चढवलेलं असतं. तिथून खाली मात्र ते जुन्या रीतीनेच, उतारावर येतं. सर्वांत उंच धार ड्रॅगन कारंज्याची, २७ मीटर. उन्हाळ्यात ठराविक दिवशी, ठराविक तासच ती चालतात, आणि त्या दिवशी बागेलाही तिकीट असतं. आडवारच्या किंवा हिवाळ्यातल्या सहलीत ‘कारंजी बंद होती’ ही तक्रार घेऊन येणारे कमी नाहीत.

पीटरने काय वेगळं केलं

रशियाचा पीटर द ग्रेट १७१७ मध्ये फ्रान्सला गेला, त्याने व्हर्साय आणि मार्लीचं यंत्र दोन्ही पाहिलं. फिनलंडच्या आखाताकाठी त्यालाही असंच काही हवं होतं. त्याची आधीची पसंती स्ट्रेल्ना या जागेला होती, पण तिथे पंपाशिवाय पाणी हव्या त्या उंचीला चढेना. पीटरने जागाच बदलली. काही किलोमीटर पश्चिमेला पीटरहोफ होतं, आणि त्याच्या मागे वीसेक किलोमीटरवर रोप्शाचा उंचवटा, त्यात झरे. १७२१ मध्ये वासिली तुवोल्कोव्ह या इंजिनीअरने कालवा खणून ते पाणी आणलं आणि १७२३ मध्ये कारंजी सुरू झाली. दीडशेच्या आसपास कारंजी, पंप एकही नाही. लुईने यंत्रावर पैसा ओतला, पीटरने जागेवर विचार खर्च केला. माझ्या लेखी पीटर जास्त हुशार.

तिथे गेलात तर वरच्या बागेतल्या चौकोनी तळ्यांकडे नीट बघा. शोभेची वाटतात, लोक त्यांच्यापुढून चालत निघून जातात. ती खरं तर टाक्या आहेत. खालच्या बागेतली कारंजी त्यांच्यावरच चालतात. खाली मधोमध सोन्याचा मुलामा दिलेला सॅमसन सिंहाचा जबडा फाडतो आहे आणि त्या जबड्यातून २० मीटर उंच धार निघते. सिंह म्हणजे स्वीडन. १७०९ मध्ये पोल्ताव्हाच्या लढाईत रशियाने स्वीडनला हरवलं, त्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून हा पुतळा बसवला गेला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजांनी तेव्हाचा पुतळा पळवला. आज दिसतो तो १९४७ मध्ये पुन्हा घडवलेला.

उतार मराठी माणसाला अनोळखी नाही. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की याच तत्त्वावर चालली. डोंगराकडचं पाणी मातीच्या नळांतून जमिनीखालून आणायचं, उंच भिंतीवर चढू द्यायचं आणि तिथून हौदात पाडायचं, त्या जोरावर जातं फिरवायचं. सतराव्या शतकात मलिक अंबरने त्या शहरात नहरींची जी परंपरा सुरू केली तिचाच हा पुढचा धागा.

दाब हाताशी असला की माणसं काय काय करतात

एकदा फुकटचा दाब मिळाला की तो नुसता उडवण्यात कुणाचं समाधान होत नाही. रोमजवळ तिवोलीला कार्डिनल इप्पोलितो देस्ते याने सोळाव्या शतकात बाग केली. अनिएने नदीचं पाणी गावाखालून बोगद्याने आणून उतारावर सोडलं. तिथल्या एका कारंज्यात चक्क ऑर्गन वाजतो. पाणी खाली पडताना सोबत हवा ओढून घेतं, बंद कोठीत पाणी खाली बसतं, हवा वर दाबली जाते आणि ती ऑर्गनच्या नळ्यांत जाते. कोणत्या क्षणी कोणती नळी वाजायची ते पाण्यानेच फिरणारं खुंट्यांचं चाक ठरवतं. मूळ यंत्र बंद पडून गेलं होतं. २००३ मध्ये ते पुन्हा वाजतं केलं. ठराविक वेळी वाजतं, त्यामुळे दारातच वेळ विचारून घ्या.

साल्झबर्गजवळच्या हेलब्रुनला मात्र शुद्ध खोडसाळपणा आहे. तिथला आर्चबिशप मार्कुस सिट्टिकुस याने १६१०च्या दशकात बागेत एक दगडी मेज बसवलं. मेजाच्या मधोमध वाइन गार ठेवायला पाण्याची चर. दोन्ही बाजूंना दगडी बैठका, आणि प्रत्येक बैठकीच्या मध्यावर एक बारीक भोक. जेवण रंगात आलं की कुणीतरी लपून चावी फिरवायचं आणि पाहुण्यांच्या बुडाखालून पाण्याच्या धारा उसळायच्या. यजमान बसलेला असताना पाहुण्याने उठायचं नाही, असा रिवाज. भोक नसलेली बैठक एकच होती. कुणाची, ते सांगायला नको. आजही वाटाड्या पर्यटकांना त्या बैठकांवर बसायला बोलावतो आणि दरवेळी कुणीतरी बसतंच.

जिनिव्हा: टाकी नसलेलं कारंजं

आता उलट टोक. जिनिव्हाच्या तळ्यात १४० मीटर उंच उडणारी ‘झे दो’ सगळ्यांना ठाऊक असते. तिची सुरुवात मात्र कुणाला सुंदर वगैरे वाटावी म्हणून झालेली नाही. १८८६च्या सुमारास ऱ्होन नदीवरच्या जलविद्युत नव्हे, तर निव्वळ जलदाबाच्या केंद्रातून शहरातल्या घड्याळांच्या आणि इतर कारखान्यांना दाबाखालचं पाणी पुरवलं जाई. त्यावर यंत्रं चालायची. संध्याकाळी कारखाने बंद झाले की नळांत दाब एकदम वाढायचा. तो सोडून द्यायला एक तोंड ठेवलं, त्यातून तीसेक मीटर धार उडायची. लोक बघायला जमू लागले. १८९१ मध्ये ती हलवून तळ्यात आणली, आणि आजची १९५१ची.

आकडे बघितले तर वरचा सगळा हिशेब ताडून पाहता येतो. दर सेकंदाला ५०० लिटर पाणी ताशी २०० किलोमीटर वेगाने निघतं. हा वेग म्हणजे सेकंदाला सुमारे ५५ मीटर. हवा नसती तर ते पाणी साधारण १५७ मीटर चढलं असतं. प्रत्यक्षात १४०. चॅट्सवर्थला लागलेली घट इथेही जवळपास तेवढीच, योगायोगाने. फरक एवढाच, की इथे मागे टेकडी नाही. जवळपास १६० मीटर उंच टाकीचं काम दोन विजेच्या मोटारी करतात, दोन्ही मिळून सुमारे १००० किलोवॉट. वारा जोराचा झाला किंवा पाणी गोठण्याइतकी थंडी पडली की ती बंद करतात, कारण एका वेळी सात टन पाणी हवेत असतं आणि ते वाऱ्याबरोबर धक्क्यावर आलं तर छत्रीचा काही उपयोग नाही.

ही सगळी पाण्याची नासाडीच ना?

मराठवाड्यात टँकरची वाट पाहिलेल्या माणसाने हा प्रश्न विचारणं अगदी रास्त आहे. उत्तराचे दोन भाग.

जुन्या रोममध्ये कालव्याचं पाणी रात्रंदिवस येतच राही. झऱ्याला तोटी बसवता येत नाही. कारंजं हे त्या वाहत्या पाण्याचं शहरातलं तोंड होतं. लोक तिथूनच पाणी भरायचे, उरलेलं पुढच्या हौदात, धुण्याला, बागेला, शेवटी गटारं धुवायला. रोमच्या रस्त्यांवर अजून सुमारे अडीच हजार ओतीव लोखंडी नळ आहेत, वाकड्या नाकासारख्या तोटीमुळे त्यांना ‘नासोनी’ म्हणतात. १८७४पासूनचे. पाणी पिण्याचं, थंडगार, फुकट. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या छोट्या भोकातून धार निघते आणि ओंजळ न धरता पिता येतं. पाण्याची बाटली विकत घेण्याआधी हे शिकून घ्या.

आज मात्र ट्रेव्हीसकट बहुतेक मोठ्या कारंज्यांत तेच पाणी गाळून पुन्हा पुन्हा फिरवलं जातं. म्हणून ट्रेव्हीच्या कुंडातलं पाणी प्यायचं नसतं. नवं पाणी लागतं ते उडून आणि सुकून गेलेल्याची भरपाई करायला. तरी दुष्काळात प्रश्न येतोच. २०१७च्या उन्हाळ्यात व्हॅटिकनने आपली कारंजी बंद ठेवली. बार्सिलोनाचं १९२९च्या प्रदर्शनासाठी बांधलेलं मोंट्जुइकचं रंगीत कारंजंही अलीकडच्या दुष्काळात बराच काळ कोरडं होतं. पाणी फारसं वाया जात नसलं, तरी घरात पाणी जपून वापरा म्हणून सांगणाऱ्या नगरपालिकेला चौकात ते उडवून दाखवणं शोभत नाही.

पैशांची नासाडी म्हणाल तर व्हर्सायबद्दल मी वाद घालणार नाही. ट्रेव्हीच्या कुंडात पडलेली नाणी मात्र नियमित गोळा होतात आणि कारितास या कॅथलिक सेवासंस्थेकडे जातात. वर्षाला ही रक्कम दहा लाख युरोंच्या वर असते.

पंपावरचं कारंजं खोटं का?

खोटं नाही, पण एक गोष्ट त्यात दिसत नाही: पाण्याची वाट. ती डोळ्यांनी बघायची असेल तर जर्मनीतल्या कासेल गावी जा. डोंगरउतारावरची बाग, माथ्यावर हर्क्युलिसचा प्रचंड पुतळा, २०१३पासून जागतिक वारसास्थळ. १ मे ते ३ ऑक्टोबर या काळात बुधवारी, रविवारी आणि सुटीच्या दिवशी दुपारी अडीचला पुतळ्यापाशी पाणी सोडतात. ते पायऱ्यांवरून, धबधब्यांतून, एका पुलाखालून, पडक्या रोमन कालव्यासारख्या बांधलेल्या भिंतीवरून खाली येतं आणि लोक त्याच्या सोबत सव्वाएक तास डोंगर उतरतात. प्रत्येक टप्प्यावर चावीवाला आधीच उभा असतो. शेवटी वाड्यासमोरच्या तळ्यात साधारण ५० मीटर धार उसळते. पंप नाही. काही मिनिटांत वरचं पाणी संपतं आणि धार बसते. या बागेचा पैसा कुठला, हेही तिथे सांगतात: हेसेच्या राज्यकर्त्यांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढायला आपले सैनिक इंग्लंडला भाड्याने दिले, त्या कमाईने पुढची बाग सजली.

स्पेनमध्ये माद्रिदच्या उत्तरेला ला ग्रान्हाची बाग आहे, चौदाव्या लुईच्या नातवाने, पाचव्या फिलिपने केलेली. आजोबांची चूक त्याने टाळली आणि डोंगराच्या पायथ्याशीच जागा घेतली. वरच्या तळ्याला तिथे ‘समुद्र’ म्हणतात, नळ अजून अठराव्या शतकातले, आणि एका कारंज्याची धार ४० मीटरपर्यंत जाते. एरवी उन्हाळ्यात निवडक कारंजी चालतात. सगळी मिळून सोडायची प्रथा वर्षातून तीनच दिवसांची: ३० मे, २५ जुलै आणि २५ ऑगस्ट. तळ्यात पुरेसं पाणी नसेल तर तेही रद्द होतं. तेव्हा विमानाचं तिकीट काढण्याआधी त्या वर्षी ग्वादारामाच्या डोंगरात पाऊस किती झाला, तेवढं बघून घ्या.